"बघत कुठे होतात, ताई?"

ट्रकवाल्या काकांनी आधी मला उठवलं, मग माझी मोटरसायकल उचलून कडेला लावली, आणि मग विचारलं, "बघत कुठे होतात, ताई?" आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांचा ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढ चढत होता, मला बघून तो थांबलाही होता, रस्ता कोरडा, दुपारचं लख्ख ऊन, आणि तरी मी माझी लेन सोडून थेट त्यांच्या दिशेने आले होते. मी काहीच बोलले नाही. पण उत्तर मला तेव्हाच माहीत होतं, मी त्यांच्या ट्रककडेच बघत होते. बंपरचा ड्रायव्हरकडचा कोपरा, तिथल्या पिवळ्या रंगाचे पोपडे निघालेले आणि खाली गंज, हे आज इतक्या वर्षांनीही जसंच्या तसं डोळ्यासमोर येतं, आणि त्या वळणानंतर रस्ता पुढे कुठे जात होता ते मात्र काही केल्या आठवत नाही, कारण तो मी बघितलाच नव्हता.

झालं होतं असं की घाटातला उतार होता, वळण डावीकडे, म्हणजे आतल्या बाजूला डोंगर आणि बाहेरच्या बाजूला समोरून येणाऱ्यांची लेन, त्यापलीकडे कठडा. तिसरा गिअर, वेग पन्नासच्या आसपास. अर्धं वळण झाल्यावर लक्षात आलं की हे पुढे अजून आवळतंय, तेवढ्यात ट्रक दिसला, मी घाबरले, हात ताठ झाले आणि दोन्ही ब्रेक करकचून दाबले. गाडी झुकलेली होती ती उभी झाली, उभी झाल्यावर ती वळणार कशी, ती सरळ निघाली, मधली रेघ ओलांडली, पुढचं चाक लॉक झालं आणि मी खाली. डाव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं.

त्या सहा आठवड्यांत मला एक गोष्ट फार छळत होती, की मी खरंच खूप जोरात होते का? म्हणून एकदा कागद घेऊन बसले. वळणात गाडी किती झुकवावी लागते हे दोनच गोष्टींवर ठरतं, वेग आणि वळणाची त्रिज्या, गाडी केवढी आणि तिचं वजन किती याचा त्यात संबंध येत नाही. ३० मीटर त्रिज्येचं वळण धरलं तर ताशी ४० किलोमीटरला साधारण २३ अंश झुकावं लागतं, ५० ला ३३ आणि ६० ला ४३. म्हणजे स्पीडोमीटरचा काटा दहाने सरकला की झुकावही दहा अंशांनी वाढतो, आणि हे दहा दहा अंश फार पटकन संपतात. माझं वळण पुढे आवळत जाऊन २५ मीटरचं झालं असं धरलं तरी ५० ला ३८ अंश येतात. कोरड्या, चांगल्या डांबरावर बरा टायर एवढं पेलतो. काठावरचं होतं, वेग जास्तच होता यात वाद नाही, पण गाडीला ते वळण जमलं असतं. मी तिला वळायला सांगितलंच नाही, मी तिला ट्रककडे जायला सांगितलं आणि ती गेली.

नंतर वाचताना कळलं की हे फार जुनं दुखणं आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या टीमने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० च्या वर मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला होता, १९८१ साली त्याचा अहवाल आला. ज्या अपघातांत दुसरी गाडी नव्हतीच त्यातल्या साधारण दोन तृतीयांश अपघातांत चूक चालवणाऱ्याची होती, आणि ती नेहमीची चूक म्हणजे एकतर ब्रेक जास्त दाबून घसरणं, नाहीतर वळणात बाहेर फेकलं जाणं, तेही वेग जास्त होता म्हणून किंवा गाडी पुरेशी वळवलीच नाही म्हणून. मला ते वाचताना कोणीतरी माझीच केस लिहून ठेवल्यासारखं वाटलं. आणि अजून एक आकडा त्यात आहे, अपघात टाळण्यासाठी जे काही करायचं ते करायला माणसाला सहसा दोन सेकंदही मिळत नाहीत. दोन सेकंदांत नवीन काही सुचत नाही. हाताला जी सवय आहे तेच हात करतात आणि डोळ्याला जी सवय आहे तिकडे डोळा जातो.

प्लास्टर निघाल्यावर माझ्या आतेभावाने, त्याला मी दादाच म्हणते, मला पुढे काढलं आणि तो मागून आला. वीसेक वळणं झाल्यावर त्याने हॉर्न दिला, थांबलो. म्हणाला, "अगं, तू चाकासमोरचे दहा फूट बघतेस. तिथलं आता काही बदलता येणार नाहीये, तिथे तू पोचलेली आहेस." मी म्हटलं, "मग खड्डे कसे दिसणार?" तर म्हणाला, "खड्डा दहा फुटांवर दिसून काय करणार आहेस तू? लांब बघ, खड्डे आधीच दिसतील."

मग त्याने जे शिकवलं ते मी आजही प्रत्येक वळणाला करते. समोर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात तो बिंदू धरायचा, आम्ही त्याला नुसतं टोक म्हणतो. त्याच्यापलीकडचा रस्ता तुम्हाला माहीत नाही, त्याच्या अलीकडचा माहीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. वळणाकडे जाताना हे टोक तुमच्या दिशेने येत असेल, म्हणजे दिसणारा रस्ता कमी कमी होत असेल, तर वळण आवळतंय, वेग कमी करा. टोक एका अंतरावर स्थिर राहिलं, तुम्ही जेवढे पुढे जाताय तेवढंच तेही पुढे जातंय, तर तुमचा वेग त्या वळणाशी जुळला. आणि टोक पळायला लागलं की वळण उघडतंय, आता हळूहळू थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, देता येतो. बस. नवीन रस्ता असो, नेहमीचा असो, हे टोक खोटं बोलत नाही. माझ्या त्या वळणात टोक माझ्या अंगावर येत होतं, अगदी भसाभस येत असणार, पण माझी नजर तिथे नव्हतीच.

आणि मग वेगाचा हिशेबही त्या टोकावरूनच लावायचा, गाडी किती सीसीची आहे यावरून नाही. ताशी ४० ला तुम्ही सेकंदाला ११ मीटर जाता. काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धरा, ११ मीटर गेले, मग कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लागला तर थांबायला अजून दहाएक मीटर, म्हणजे एकूण २१. ताशी ६० ला तो एक सेकंद १७ मीटर खातो आणि थांबायला २३, एकूण ४०. वेग दीडपट झाला पण लागणारा रस्ता जवळपास दुप्पट झाला. उतारावर याहून जास्त लागतो आणि ओल्यावर तर विचारूच नका. तर प्रश्न सोपा आहे, टोक किती लांब आहे? २५ मीटरवर असेल आणि तुम्ही ६० ला असाल तर टोकापलीकडे उभी असलेली बंद पडलेली गाडी, बसलेलं जनावर, कोसळलेली दरड, काहीही असलं तरी तुम्ही त्यावर जाऊन आदळणार हे आधीच ठरलेलं आहे, आज तिथे काही नव्हतं म्हणून तुम्ही घरी पोचलात. एकच गाडी जाईल एवढ्या अरुंद रस्त्यावर तर दिसणाऱ्या रस्त्याच्या अर्ध्यातच थांबता आलं पाहिजे, कारण उरलेला अर्धा समोरून येणाऱ्यालाही थांबायला लागणारच ना.

आता वळवणं. हा भाग मला फार आवडतो कारण यात जे खरं आहे ते ऐकायला उलटं वाटतं. डावीकडे जायचं असेल तर डावी मूठ पुढे ढकलायची. हो, पुढे. हँडल क्षणभर किंचित उजवीकडे जातं, खालून चाकं उजवीकडे सरकतात, त्यामुळे गाडी डावीकडे झुकते आणि डावीकडे वळते. अगदी चालण्याच्या वेगाला हे लागू नाही, तिथे हँडल फिरवूनच वळायचं, पण थोडा वेग आला की सगळ्या दुचाक्या अशाच वळतात, तुम्हाला माहीत असो वा नसो. राईट बंधू, तेच विमानवाले, मुळात सायकलींचा धंदा करायचे, आणि त्यातल्या विल्बर राईटने तेव्हाच हे नोंदवून ठेवलं होतं की डझनावारी सायकलवाल्यांना विचारलं तरी आपण डावीकडे वळताना आधी हँडल उजवीकडे नेतो हे एकालाही सांगता येत नाही. आपण सगळे लहानपणापासून नकळत हेच करतो. पण नकळत करणं आणि जाणून करणं यात त्या दोन सेकंदांपुरता फार मोठा फरक पडतो. वळण आवळलं तर घाबरून हँडल फिरवायला गेलात की उलट गाडी उभी होते, आणि आतली मूठ अजून थोडी ढकललीत तर ती निमूट अजून झुकते. मी हे मोकळ्या मैदानात महिनाभर केलं, ३०-३५ च्या वेगाने, डावी मूठ, उजवी मूठ, फक्त तळहाताचा दाब, एवढ्याशा दाबाने केवढी गाडी कशी झुकते ते अंगात मुरेपर्यंत. तुम्हीही करा, घाटात जाऊन शिकू नका.

यासाठी हात मात्र सैल पाहिजेत. भीती वाटली की माणूस हँडलला लोंबकळतो, कोपरं ताठ, खांदे कानापर्यंत, आणि मग डावी मूठ ढकलताना उजव्या हाताने तो स्वतःच अडवत असतो, दोन्ही हात एकमेकांशी भांडतात आणि गाडी जागची हलत नाही, वाटतं गाडीच जड आहे. गुडघ्यांनी टाकी धरा, पाठ-पोट थोडं कसलेलं ठेवा, आणि कोपरं कोंबडीच्या पंखासारखी हलवून बघा हलतात का. मी अजूनही उतरताना मधेमधे हे करते.

लेनमधली जागा. वळणाच्या आधी आपल्याच लेनमध्ये बाहेरच्या बाजूला राहायचं, कारण तिथून वळणाच्या आत जास्त लांबपर्यंत दिसतं, टोक लांब जातं. मग आत वळायची घाई करायची नाही. लवकर आत घुसलेला माणूस वळणाच्या शेवटी बाहेर फेकला जातो, हे इतक्या वेळा बघितलंय, आतल्या कडेला टेकून सुरुवात छान होते आणि शेवटी मधली रेघ नाहीतर कठडा अंगावर येतो. थांबा, बाहेर राहा, वळणाचा दुसरा भाग दिसायला लागला की मग आत या, तेव्हा गाडी आपोआप बाहेर पडण्याच्या दिशेला तोंड करून असते.

पण बाहेर राहायचं असो की आत यायचं असो, मधल्या रेघेला चिकटायचं नाही, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच्या पडण्यानंतर कळलं. ज्या वळणात समोरच्यांची लेन आतल्या बाजूला असते, म्हणजे डावीकडून गाड्या चालतात तिथे उजवं वळण, तिथे चाकं तुमच्या लेनमध्ये असतात पण तुम्ही झुकल्यावर डोकं आणि खांदा रेघेच्या पलीकडे, समोरून येणाऱ्या बसच्या आरशाच्या उंचीवर. ऑस्ट्रियात काही डोंगररस्त्यांवर यासाठी वळणात मधल्या रेघेला लागून गोल, अंडाकृती पांढऱ्या खुणा रंगवल्यात. दुचाकीवाला पांढऱ्या रंगावरून जायला बिचकतो, त्यामुळे तो आपोआप रेघेपासून लांब राहतो आणि झुकलं तरी डोकं आपल्याच लेनमध्ये राहतं. किती साधी गोष्ट आहे! ज्यांनी हे शोधलं त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. आपल्या रस्त्यावर त्या खुणा नसतील तर मनात रंगवायच्या.

ब्रेक. मुख्य काम वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, पुढचा ब्रेक हळू सुरू करून मग जोर वाढवत, कारण ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि पुढच्या टायरला पकड वाढते, पण वजन यायला क्षणभर लागतो, त्याआधीच लिव्हर आवळली तर चाक लॉक. नुसत्या मागच्या ब्रेकवर घाट उतरणारे लोक बघितले की मला खरंच काळजी वाटते, थांबवायची निम्म्याहून जास्त ताकद पुढे आहे आणि ती हे लोक वापरतच नाहीत. वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडायचा नाही, झुकाव वाढेल तसतसा दाब कमी करत सोडायचा. टायरकडे पकड ठरावीक असते, तीच ब्रेकला आणि वळायला वाटून द्यायची असते, एकाला जास्त दिली की दुसऱ्याला कमी पडते. म्हणजे वळणात ब्रेकला हात लावायचाच नाही असं नाही, लावायचा पण लोण्यात बोट घातल्यासारखा. आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आहे म्हणून निश्चिंत राहू नका, साधं एबीएस सरळ गाडीसाठी असतं, झुकलेल्या गाडीचा कोन मोजून काम करणारं एबीएस वेगळं आणि ते मोजक्याच गाड्यांना असतं. तुमच्या गाडीला कुठलं आहे ते माहीत करून घ्या.

उतारावर गाडी बंद करून किंवा न्यूट्रलला टाकून सोडणारे अजूनही दिसतात, पेट्रोल वाचतं म्हणतात. कृपा करून हे करू नका. ज्या गिअरमध्ये चढायला गाडी घेतली असती त्याच गिअरमध्ये उतरायचं, थ्रॉटल बंद, इंजिन गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक थंड राहतात. ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात, उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते, आणि हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ या दर्जाचं ऑइल नवं असताना २३० अंश सेल्सियसपर्यंत तरी उकळू नये असा निकष आहे, पाणी शोषलेल्या त्याच ऑइलसाठी हा आकडा १५५ वर येतो. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, मग लिव्हर दाबली की ती स्पंजासारखी मुठीपर्यंत येते आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते यासाठी. उतारावर लिव्हर मऊ लागायला लागली तर तिथेच थांबा, थंड होऊ द्या, कुणी काही म्हणो.

चढावरच्या हेअरपिनला, म्हणजे रस्ता जवळपास उलटा फिरतो त्या वळणाला, बहुतेक लोक पडतात ते हळू असल्यामुळे. मधेच क्लच दाबला जातो, ताकद जाते, गाडी आत कलंडते, पाय टेकवायला जावं तर आतल्या बाजूला रस्ता खोल उतरलेला, पाय पोचतच नाही. आधीच पहिल्या गिअरला या, क्लच अर्धवट धरून थ्रॉटल स्थिर ठेवा, मागचा ब्रेक हलकासा, आणि मान पूर्ण वळवून, हनुवटी खांद्यावर येईल एवढी, जिथे बाहेर पडायचंय तिकडे बघा. परत तेच, नजर.

अशाच हेअरपिनला वरून ट्रक किंवा बस येत असेल तर थांबून तिला जागा द्या. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापत येतात, त्यामुळे ड्रायव्हरला पुढचा भाग तुमच्या लेनमध्ये आणावाच लागतो, त्याच्याकडे दुसरा रस्ता नसतो. दोन वळणं आधीच वरच्या रस्त्यावर नजर टाकायची सवय लावली की बस कुठे आहे ते आधीच कळतं आणि कुठे भेटायचं ते आपण ठरवू शकतो. रात्री तर अजून सोपं, समोरच्याचा उजेड वळणाआधी डोंगरावर फिरतो. आंधळ्या वळणावर हॉर्न द्याच.

रस्त्याचा पृष्ठभाग हा वेगळाच विषय आहे. वळणाच्या आतल्या कडेला गाड्यांची चाकं साईडपट्टीवर उतरून खडी आणि वाळू रस्त्यावर ओढून आणतात. काठोकाठ भरलेल्या टाकीतून डिझेल सांडतं ते वळणातच सांडतं, कारण तिथेच ते हिंदकळतं, ओल्या रस्त्यावर त्याचे सप्तरंगी डाग दिसतात आणि कोरड्यावर नुसता काळपट पट्टा, कधीकधी आधी वासच येतो. दीर्घकाळ कोरडा गेल्यावर पहिला पाऊस सगळ्यात घसरडा, धूळ आणि ऑइल वर तरंगून येतं. सावलीतली वळणं पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ओली असू शकतात, उन्हातून एकदम सावलीत शिरताना डोळे जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि नेमकी तिथेच शेवाळ असतं, म्हणून सावली दिसली की मी आधीच थ्रॉटल थोडा सोडते.

ग्रुपने जाताना पुढच्याच्या मागच्या लाल दिव्यावर नजर चिकटते, हे मी स्वतः अनुभवलंय. तो वळला की आपण वळतो, त्याने ब्रेक मारला की आपण मारतो, म्हणजे आपण आपली नजर त्याला देऊन टाकलेली असते, आणि तो चुकला की मागोमाग आपणही. त्याच्यापलीकडचा रस्ता बघा, तो मागे टाकून गेला तर जाऊ द्या. जो मागे राहतो त्याची पुढच्या फाट्यावर वाट बघायची एवढं निघतानाच ठरवलं की कुणालाच धावायचा ताण राहत नाही. मागे कुणी बसणार असेल तर त्यालाही आधी सांगा, वळणात माझ्या आतल्या खांद्यावरून बघ, उलटा कलू नकोस. एवढ्या एका वाक्याने गाडी निम्मी हलकी होते.

धुक्यात मात्र टोकच नाहीसं होतं. एकदा आम्ही दोघं अशा धुक्यात सापडलो, पुढे दहाएक मीटर दिसत होतं, पंधरा-वीसच्या वेगाने चाललो होतो आणि मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. मला फार दडपण आलं, वेग वाढवावासा वाटला. दादाने हात करून रस्ता रुंद होता तिथे डांबराच्या बाहेर गाडी घेतली आणि सगळ्यांना जाऊ दिलं. हेल्मेटची काच वर करून एवढंच म्हणाला, "त्यांना दिसत असेल, मला दिसत नाहीये." आम्ही तासभर तिथे थांबलो, रस्त्यापासून लांब, कारण धुक्यात रस्त्यालगत थांबणं हाही धोकाच.

माझ्या त्या वळणावर मी परत गेले ते अपघातानंतर जवळपास वर्षाने. पोटात गोळा होता, खोटं कशाला सांगू. उतारावर आधीच दुसरा गिअर टाकला, बाहेरच्या बाजूला राहिले, टोक शोधलं. टोक अंगावर यायला लागलं, अजून थोडा ब्रेक, ३० च्या खाली, मग ते थांबलं. कठडा उजव्या कोपऱ्यात दिसत होता पण मी मान डावीकडे वळवलेली ठेवली, डावी मूठ थोडी अजून ढकलली, गाडी अजून झुकली, आतल्या कडेला वाळूचा पट्टा होता तो दीड हातावरून गेला, आणि टोक पळायला लागलं. त्या वळणानंतर रस्ता एका छोट्या मोरीवरून जातो, तिचे कठडे चुन्याने रंगवलेत, आणि पलीकडे बराच लांबपर्यंत सरळ आहे.